पहाटे कासवं, दुपारी काजूगर, संध्याकाळी उन्हवरे: दापोलीतला एक दिवस

समुद्री कासवांची पिल्लं, गरम पाण्याचे झरे आणि अस्सल कोकणी जेवण, हे तिन्ही दापोली तालुक्यात एका दिवसात जमतं. फक्त क्रम चुकवायचा नाही. पिल्लं पहाटेच्या वेळेला बांधलेली आहेत, चांगलं जेवण आदल्या दिवशीच्या फोनला आणि उन्हवऱ्याच्या झऱ्यांचं गरम पाणी ऊन उतरण्याला. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. सकाळी आरामात निघतो, भर दुपारी कुंडावर पोचतो, संध्याकाळी किनाऱ्यावर गर्दीत मागे उभा राहतो आणि जेवायला रस्त्यावरच्या हॉटेलात पनीर खातो. पहिल्यांदा जाणाऱ्याने दिवस कसा लावावा ते पुढे पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: महिना ठरवा

आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री पुळणीवर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांशी तिचा संबंध तिथेच संपतो. अंड्यांतून पिल्लं यायला 45 ते 60 दिवस लागतात. त्यामुळे पिल्लं बघायचा काळ मुख्यतः फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. कासव महोत्सवाच्या तारखा दर वर्षी बदलतात, कारण त्या पहिलं घरटं कधी सापडलं यावर ठरतात. मागच्या वर्षीच्या तारखा बघून रजा टाकू नका.

मार्चमध्ये जाणार असाल तर शिमग्याची तारीख कॅलेंडरमध्ये आधी बघा. त्या दिवसांत ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, अख्खा चाकरमानी गावाला आलेला असतो, रेल्वेचं आरक्षण केव्हाच संपलेलं असतं आणि ज्यांच्या घरी तुम्ही उतरणार तेच पालखीच्या मागे असतात. पालखी नाचवताना बघायला मिळाली तर ते स्वतंत्र सुख आहे, पण मग वेळापत्रकाचा नाद सोडायचा.

दुसरी पायरी: वेळास की आंजर्ले?

कासवांचं गाव म्हटलं की मंडणगड तालुक्यातलं वेळास डोळ्यांसमोर येतं आणि ते रास्तच आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये तिथेच काम सुरू केलं. त्याआधी अंडी कुत्री-कोल्ही उकरून खायची, माणसंही विकायला नेत. आज तीच गावं कासवांच्या नावावर पाहुणे बोलावतात. वन विभाग आणि त्याचाच कांदळवन कक्षही या कामात आहेत.

पण आपल्याला त्याच दिवशी उन्हवरे गाठायचंय आणि वेळास तिथून फार लांब पडतं. म्हणून मी आंजर्ले सुचवेन. दापोलीपासून गाडीने पाऊण-एक तास, हर्णै शेजारी, किनारा लांबलचक आणि राहायला घरगुती सोय. वेळासला जायचं तर एक मुक्काम वेगळा काढून, बाणकोटच्या किल्ल्यासकट जा.

तिसरी पायरी: आदल्या दिवशी पाचच्या आत पोचा

पाचच का? पिल्लं सोडण्याच्या वेळा साधारण दोन असतात, सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. तुम्ही आदल्या संध्याकाळी हजर असाल तर तुमच्या पदरात दोन संधी पडतात. पिल्लं येतीलच याची हमी कुणीही देत नाही. कुणी देत असेल तर त्याच्याकडे उतरू नका.

मुंबईहून रस्त्याने यायचं तर मुंबई-गोवा महामार्गाने माणगावपर्यंत आणि पुढे मंडणगडमार्गे, किंवा कशेडीतून खेडला उतरून दापोली. पुण्याहून बहुतेक जण ताम्हिणी घाटाने माणगावला येतात. रेल्वेने खेड स्टेशन. तिथून दापोली साधारण 30 किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. एसटीने अख्खा दिवस पार पाडणं मात्र अवघड आहे, कारण उन्हवऱ्याच्या बाजूला गाड्या मोजक्या आहेत. दापोलीतून दिवसभरासाठी गाडी ठरवा आणि चालकाला "आंजर्ले, हर्णै, दापोलीत जेवण, मग उन्हवरे, शेवटी खेड" असा पूर्ण मार्ग आधीच सांगा. नुसतं "दापोली दर्शन" म्हणालात तर तो तुम्हाला मुरूडच्या किनाऱ्यावर उंटाशेजारी उभं करेल.

त्याच संध्याकाळी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, घरमालकांना किंवा किनाऱ्यावर घरट्यांची राखण करणाऱ्या कासवमित्रांना: "सकाळी कुठलं घरटं भरतंय का?" कोणत्या घरट्याचे किती दिवस झालेत ते त्यांच्याकडे लिहिलेलं असतं. दोन, जिथे दुपारी जेवणार तिथे फोन करून मेनू सांगा. याबद्दल पुढे बोलतो.

पैसे रोख बाळगा. गावात नेटवर्क लपंडाव खेळतं आणि मोबाईलवरून पैसे पाठवताना चाक फिरतच राहतं.

चौथी पायरी: पहाट, आणि दोरीच्या अलीकडे

साडेसहाला किनाऱ्यावर असा. चहा नंतर.

किनाऱ्यावर जाळीने वेढलेला एक चौकोन दिसेल. तीच हॅचरी. रात्री किंवा पहाटे गस्त घालताना कासवमित्र मादीच्या पायांचे माग शोधतात. ओल्या वाळूवर ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखी दुहेरी नक्षी असते. त्या मागाच्या टोकाला असलेली अंडी अलगद काढून हॅचरीत, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा पुरतात. प्रत्येक खड्ड्याजवळ पाटी असते आणि तिच्यावर अंडी सापडल्याची तारीख व संख्या लिहिलेली असते. पाट्या वाचा. आज कुठल्या खड्ड्यावर नजर ठेवायची ते तुमचं तुम्हाला कळेल. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात. सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. पिल्लं येणार असली की वरची वाळू आधी थोडी खचते, मधोमध खोलगट होते.

मुक्कामाला आलेल्यांची गर्दी टोपली उचलताना श्वास रोखून असते. खाली कधी पाचपन्नास पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढलेली, कधी दोनच, कधी कोरडी वाळू. कोरडी निघाली की लहान मुलं रडवेली होतात आणि मोठी माणसं कासवमित्रांवर डाफरतात. दुसरं करू नका. त्यांनी रात्र किनाऱ्यावर काढलेली असते.

पिल्लं पाण्यात नेऊन टाकत नाहीत, पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवतात, म्हणजे ती स्वतः चालत जातात. या चालण्यातच तो किनारा त्यांच्यात नोंदला जातो आणि मोठ्या झालेल्या माद्या अंडी घालायला पुन्हा त्याच पट्ट्यात येतात, असं मानलं जातं. दोन्ही बाजूंना दोरी लावलेली असते. दोरीच्या अलीकडेच थांबा आणि शक्यतो उकिडवे बसा. उभं राहून दिसतं त्याच्या दुप्पट बसून दिसतं. पिल्लू आपल्या बोटाएवढं, राखाडी-काळं. कुणाच्या तरी टाचेचा खड्डा वाटेत आला तर ते त्यात घसरतं, पुढचे दोन्ही वल्ह्यांसारखे पाय मारत काठावर येतं, वाळू ढासळते, पुन्हा खाली. तुमच्या दृष्टीने ते पाऊल उमटणं म्हणजे काहीच नाही. त्याच्यासाठी तो पाच मिनिटांचा घाट असतो. म्हणून दोरीपलीकडे "फक्त एक फोटो" काढायला जायचं नाही.

टॉर्च आणि फ्लॅश दोन्ही बंद. पिल्लं क्षितिजाच्या उजेडाकडे जातात. तुमचा मोबाईल समुद्रापेक्षा उजळ असेल तर ती तुमच्याकडे वळतील. हात लावायचा नाही, उचलून सेल्फी तर नाहीच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी आहे, गंमत अंगाशी येते. कुत्रा बरोबर आणला असेल तर तो घरी बांधून या.

बघता बघता विचारायला चांगला एक प्रश्न: पिल्लं नर की मादी? अंडं घातलं तेव्हा ते ठरलेलंच नसतं. वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक. उन्हाळा जसजसा कडक होतो तसतशी कासवमित्रांना हॅचरीवर सावलीची काळजी घ्यावी लागते, ती यामुळेही. आणि मोठी कासवं समुद्रात जातात कुठे? जानेवारी 2022 मध्ये वेळासची एक मादी "प्रथमा" आणि आंजर्ल्याची "सावनी" यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला होता, त्यांच्या अरबी समुद्रातल्या वाटा त्यातून कळल्या. त्याहून नवल म्हणजे 2021 साली ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये चक्क गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा, या दोन ठिकाणच्या कासवांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही असं समजून चालणाऱ्यांना तिने कामाला लावलं.

पिल्लं आलीच नाहीत तर किनाऱ्याच्या सुरूंकडे आणि उंच झाडांकडे मान वर करून बघा. पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड या पट्ट्यात आहे. भलामोठा पक्षी, पण बहुतेक पर्यटकांच्या डोक्यावरून जातो तरी त्यांना पत्ता नसतो.

पाचवी पायरी: न्याहारी, गणपती, हर्णै

आठच्या सुमाराला घरी परत या आणि जे गरम असेल ते खा. घावन आणि नारळाची चटणी, नाहीतर आंबोळी, नाहीतर मऊभात-मेतकूट. पोहे-उपमा मागू नका, ते तुम्हाला घरीही मिळतात. घावन तव्यावरून थेट ताटात यायला हवं, कागदासारखं पातळ आणि कडेला जाळी पडलेलं. डब्यात ठेवलेलं घावन खाऊन मत बनवू नये.

कड्यावरचा गणपती वाटेतच आहे. उजव्या सोंडेची मूर्ती, आणि देवळाच्या आवारापासून खाली अख्खी आंजर्ल्याची माडांची बाग, जोग नदीची खाडी आणि समुद्र एका नजरेत. अर्धा तास पुरे. आसूदचं केशवराज सुंदर आहे, पण पायऱ्या आणि उन्हाचा हिशेब धरता आज वगळा.

मासे खाणाऱ्यांनी हर्णै बंदर चुकवू नये. पूर्वी आंजर्ल्याहून हर्णैला जायचं तर तरीत बसावं लागे, आता खाडीवर पूल आहे. किनाऱ्यापासून आत उभ्या असलेल्या होड्यांतून मासळी उतरते आणि बैलगाड्या पाण्यात जाऊन ती आणतात. मग वाळूवरच ढीग लावून लिलाव पुकारला जातो. लिलावाची खरी वेळ संध्याकाळची, पण सकाळीही बाजार असतो. वाळूवर पाणी, खवले, बर्फ, माणसं, सगळं एकत्र असतं, तेव्हा पायात धुता येतील अशा चपला हव्यात. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. आज लांबूनच नमस्कार करा, होडीत बसलात की दुपार गेली. आणि 1 जूनपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, हेही ध्यानात ठेवा.

सहावी पायरी: जेवण, म्हणजे आदल्या रात्रीचा फोन

कोकणातलं चांगलं जेवण हॉटेलच्या कार्डावर नसतं, ते सांगून करून घ्यायचं असतं. मार्च-एप्रिलमध्ये मागायची एक गोष्ट म्हणजे ओल्या काजूगरांची उसळ. ही वर्षभर मिळत नाही. सुके काजू भिजवून केलेली मिळते, ती वेगळी, तिच्यात गोडवा असतो पण ओल्या गराचा तो लुसलुशीतपणा नसतो. भाव ऐकून दचकाल. दचकण्याआधी एकदा काजू सोलताना बघा. हिरवी बी उभी चिरायची, टोकदार काडीने किंवा सुरीच्या टोकाने गर उचकटायचा. सालीतला चीक हाताला लागला की कातडी भाजते आणि काळी पडते, म्हणून बायका आधी हाताला खोबरेल चोळून किंवा राख लावून बसतात. वाटीभर गर सोलायला सकाळ जाते. मग तो गर ओल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजतो. मसाला बेताचा असेल तरच घास कळतो.

त्याच्याबरोबर तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं किंवा कुळथाचं पिठलं, पांढरा भात आणि सोलकढी. कुळथाचं पिठलं पातळसर असतं, भाताशी खायचं, भाकरी बुडवायची. कच्च्या फणसाची भाजी मिळाली तर घ्या. गोडाला उकडीचे मोदक हवे असतील तर तेही आदल्या दिवशी सांगावे लागतात. मासे खाणाऱ्यांनी "सुरमई की पापलेट" या वादात न पडता "आज काय ताजं आलंय" एवढंच विचारावं. बांगडा ताजा असेल तर तो शिळ्या पापलेटपेक्षा कधीही सरस. अनेक घरगुती जागा पूर्ण शाकाहारी असतात, म्हणून माशाचं आधी विचारून घ्या, ताटावर बसल्यावर नव्हे.

सोलकढीचं एक. ती आमसुलाच्या पाण्याची आणि नारळाच्या दुधाची हवी, फिक्या गुलाबी रंगाची. भडक गुलाबी आली तर एक घोट घ्या आणि बाजूला ठेवा.

पोट मात्र तडस लागेपर्यंत भरू नका. पुढे गरम पाणी आहे.

सातवी पायरी: उन्हवरे, ऊन कलल्यावर

दापोलीहून वाकवलीच्या बाजूने निघा. रस्ता वळणांचा, मध्ये पेट्रोल पंप शोधत बसाल म्हणून टाकी दापोलीतच भरा. तास-सव्वा तास धरा. निघायची वेळ साडेतीन. त्याआधी निघालात तर मार्चच्या उन्हात वाफाळत्या पाण्यासमोर उभं राहण्याचं सुख मिळेल, आणि ते कुणालाच नको असतं. याच बाजूला पन्हाळेकाजीची 29 लेणी आहेत. बौद्ध, मग शैव, मग नाथपंथी, असा शतकांचा थर तिथल्या एकाच डोंगरकडेला दिसतो. इतिहासाची आवड असेल तर हर्णै सोडून लेणी धरा. दोन्ही करायला गेलात तर उन्हवऱ्याला अंधार पडेल.

नव्या माणसाला वाटतं की इथे कुठेतरी ज्वालामुखी असणार. तसं नाही. आपला काळा कातळ लाव्हाचाच आहे, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याची धग केव्हाच विझली. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल मुरतं, तिथल्या पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. अशा भेगांची रांगच कोकणपट्टीत उत्तर-दक्षिण गेलेली आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, हे उन्हवरे, पुढे संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरचं उन्हाळे. या सगळ्यांत उन्हवऱ्याचं पाणी सर्वांत गरम गणलं जातं, उगमाशी सत्तर अंशांच्या आसपास.

म्हणजे उगमात पाय घालायचा नाही. हे वाक्य मुलांना गाडीतून उतरायच्या आधी सांगा. सत्तर अंशाला कातडी लगेच भाजते. आंघोळीसाठी पाणी वेगळ्या बांधलेल्या टाक्यांत घेतलेलं असतं, बायका आणि पुरुष यांची सोय वेगळी आहे. तिथलंही पाणी आधी हातावर घ्या, मग पायावर, मग मगाने अंगावर. थेट उडी नाही.

गंधकाचा वास येतो. पहिल्या पाच मिनिटांत नाक मुरडाल, मग विसराल. चांदीचे दागिने उतरवून गाडीत ठेवा, नाहीतर काळे पडतात. पैंजण, जोडवी, चांदीची साखळी, सगळं. नवीन किंवा फिक्या रंगाचे कपडे नकोत. साबण-शाम्पू अजिबात नाही. पाणी पुढे ओढ्यालाच जातं.

किती वेळ? दहा मिनिटं, मग बाहेर, पाणी प्या, हवं तर पुन्हा दहा. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि अगदी लहान बाळांनी पाय बुडवण्यावर समाधान मानावं, किंवा तेही डॉक्टरांना विचारून. त्वचेच्या तक्रारींसाठी इथे लांबून माणसं येतात. श्रद्धा ज्याची त्याची, पण उघडी जखम असेल तर सार्वजनिक टाकीत उतरू नका, स्वतःसाठीही आणि इतरांसाठीही. बाहेर आल्यावर कातडी कोरडी पडते, तेव्हा खोबरेलाची छोटी बाटली बरोबर असू द्या.

जागा साधी आहे. स्पा, टॉवेल, लॉकर असं काही मनात धरून जाऊ नका. शनिवार-रविवारी गर्दी आणि तिच्या मागे प्लॅस्टिक असतं. जमलं तर आठवड्याच्या मधला दिवस निवडा.

आठवी पायरी: परत

अंधार पडायच्या आत निघा. खेड तास-दीड तासाच्या अंतरावर धरा. कोकणकन्या आणि तुतारी खेडला थांबतात, पण रात्री उशिरा, म्हणून स्टेशनजवळ जेवून घ्या आणि गाडीची ताजी वेळ मोबाईलवर तपासा. स्वतःची गाडी असेल तर गरम पाण्यानंतर डोळे मिटतात, हे गृहीत धरून चालक बदला किंवा सरळ दापोलीत मुक्काम करा. मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी बाजारातून आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी आणि कुळथाचं पीठ घ्या. कोकम सरबताच्या बाटल्यांपेक्षा आमसुलं वजनाला हलकी आणि वर्षभर टिकणारी.

कासवांचा हंगाम हुकला असेल तर

डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी हाच दिवस चिपळूणवरून लावावा. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत आणि थंडीत त्या चिखलाच्या काठावर ऊन खात तासन्‌तास पडलेल्या असतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, म्हणून बोट ठरवताना आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, नाश्त्याची वेळ त्याप्रमाणे पुढे-मागे करा. झऱ्यांसाठी मग उन्हवऱ्याऐवजी महामार्गाला लागून असलेलं आरवली किंवा तुरळ गाठायचं. काजूगर तेव्हा मिळणार नाहीत, पण थंडीत वालाच्या शेंगा आणि त्या मडक्यात भाजून केलेली पोपटी असते. पोपटी लावायची तर मडकं, भांबुर्ड्याचा पाला आणि शेकोटीला जागा असलेलं घर हवं, त्यामुळे इथेही आदल्या दिवशीचा फोन चुकत नाही.